शिकागोतला माफिया नक्की मोडला कुणी? पोलिसांनी?

नेपरविलकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितो. गेल्या महिन्यात साताऱ्याहून मामा-मामी आले होते. ओहेअरला उतरून गाडीत बसले आणि मामांचा पहिला प्रश्न, "त्या अल कपोनचं घर दाखवणार का रे?" (कपोन म्हणजे १९२० च्या दशकातला शिकागोचा बडा टोळीप्रमुख.) मी इथे १९ वर्षं राहतोय पण कधी गेलो नव्हतो. शनिवारी नेलं. साउथ साईडला प्रेअरी अव्हेन्यूवर साधं विटांचं दुमजली घर आहे, आपल्याकडे एखाद्या रिटायर्ड हेडमास्तरांचं असावं तसं. लोक राहतात तिथे, म्हणून गाडीतूनच पाहिलं. मग नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवर गेलो, जिथे १४ फेब्रुवारी १९२९ ला सात माणसांना गॅरेजमध्ये भिंतीला लावून गोळ्या घातल्या. गॅरेज १९६७ मध्ये पाडलं, आता तिथे नुसतं गवत आहे.

मामांना तिथे उभं राहून मी गोष्ट सांगितली की मारेकऱ्यांपैकी काहीजण पोलिसांच्या वेषात होते, त्यामुळे आतल्या लोकांना वाटलं असणार नेहमीची धाड आहे, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, नंतर सुटायचंच आहे. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पोलीस येणार आणि काही होणार नाही याची त्यांना इतकी खात्री होती?"

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. माझं मत असं झालंय की अमेरिकेतल्या शहरांमधला माफिया शहर पोलिसांनी मोडलाच नाही. कपोनला आयकरवाल्यांनी पकडलं, न्यूयॉर्कच्या टोळ्या १९७० च्या रिको कायद्याने (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा केंद्राचा कायदा) आणि केंद्राच्या वकिलांनी मोडल्या, शहरातलं पोलीस खातं बहुतेक वेळा एकतर विकलेलं नाहीतर हतबल. तुम्हाला काय वाटतं? इथे राहणाऱ्यांचे अनुभव असतील तर जरूर लिहा.

सदाफुली

छान विषय. वाचतेय.

टपालपेटी

आमचे बाबा आयकर खात्यात होते. ते म्हणायचे माणूस खोटं बोलेल पण वही बोलत नाही. कपोनचं नाव निघालं की त्यांची छाती फुगायची :)

वहीखाते

टपालपेटी, बाबांचं अगदी बरोबर होतं, खरोखर वहीनेच घात केला. १९२६ मध्ये सिसेरो गावातल्या जुगार अड्ड्यावर धाड पडली तेव्हा हिशेबाच्या वह्या जप्त झाल्या होत्या आणि त्या कपाटात पडून होत्या. पुढे फ्रँक विल्सन नावाच्या आयकर अधिकाऱ्याने त्या शोधून काढल्या, त्यातलं हस्ताक्षर कुणाचं ते लावलं, तो हिशेबनीस गाठला आणि साक्षीला उभा केला. त्याआधी १९२७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला होता की बेकायदा कमाईवरही कर लागतो. तो निकाल नसता तर वह्या असून उपयोग नव्हता.

दारूबंदी खात्याचा अधिकारी इलियट नेस, त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पथकाने दारूचे कारखाने फोडले हे खरं, दारूबंदीचे हजारो गुन्हे कागदावर लावलेही, पण ऑक्टोबर १९३१ मध्ये शिक्षा झाली ती करासाठी. ११ वर्षं. आणि खटल्याच्या दिवशी न्यायाधीश विल्करसन यांनी अख्खा ज्युरीचा गट दुसऱ्या कोर्टातल्या गटाशी बदलून टाकला, कारण आधीच्या गटाला पैसे पोचल्याची खबर आली होती. मला त्या सगळ्या प्रकरणात हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. एका माणसाने ऐनवेळी दार बंद केलं.

नेपरविलकर

वहीखाते, सुंदर माहिती. ज्युरी बदलल्याचं माहीत होतं पण १९२७ चा निकाल नव्हता माहीत.

रानवारा

आणि मामा ज्या विमानतळावर उतरले त्याचं नाव कुणाचं आहे सांगितलंत का त्यांना? एडवर्ड ओहेअर नावाचा वकील होता, कपोनबरोबर कुत्र्यांच्या शर्यतींचा धंदा चालवायचा. त्यानेच आतून आयकरवाल्यांना माहिती पुरवली. नोव्हेंबर १९३९ मध्ये, कपोन सुटायच्या आठवडाभर आधी, त्याला चालत्या गाडीत गोळ्या घातल्या. त्याचा मुलगा बुच नौदलात वैमानिक, १९४२ मध्ये पॅसिफिकमध्ये एकट्याने जपानी बॉम्बर विमानांचा ताफा अडवला, सर्वोच्च पदक मिळालं, पुढच्या वर्षी लढाईत गेला. १९४९ मध्ये विमानतळाला नाव दिलं ते मुलाचं. आपण सगळे सामानाच्या पट्ट्याशी उभे राहून डाळींच्या पिशव्या मोजतो आणि ही गोष्ट डोक्यावर लिहिलेली असते.

सदाफुली

बापरे. १२ वेळा उतरलेय तिथे आणि मला हे माहीत नव्हतं.

खडकवासला

मूळ मताशी पूर्ण सहमत नाही. शहर पोलिसांचं काहीच योगदान नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याच १४ फेब्रुवारीच्या हत्याकांडाचं बघा. मारेकरी पोलिसांच्या वेषात होते म्हणून लोकांना वाटलं खरेच पोलीस असतील. तेव्हा कॅल्विन गोडार्ड नावाच्या तज्ज्ञाने पोलिसांकडच्या थॉमसन मशीनगन्स झाडून पाहिल्या आणि गोळ्यांवरच्या खुणांवरून सिद्ध केलं की या बंदुका त्या नाहीत. डिसेंबरात मिशिगनमधल्या सेंट जोसेफला एका पोलीस शिपायाचा खून झाला, मारणाऱ्याच्या घरात दोन थॉमसन सापडल्या आणि त्या जुळल्या. त्यातूनच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गुन्हे तपासाची प्रयोगशाळा उभी राहिली, ती पुढे शिकागो पोलिसांकडे गेली. आज आपण न्यायवैद्यक म्हणतो त्याचा मोठा पाया असा पडला. आणि तो धागा मिळाला कशामुळे, तर एका छोट्या गावचा शिपाई गाडीच्या किरकोळ अपघाताची चौकशी करायला गेला आणि जिवानिशी गेला म्हणून. त्याला कोण आठवतं?

नेपरविलकर

खडकवासला, हा मुद्दा मान्य. पण त्या हत्याकांडात एकालाही शिक्षा झाली नाही हेही खरंच ना? जुळलेल्या बंदुका हातात, आणि तरी कुणी दोषी नाही.

बोस्टनची_आत्या

मला नेपरविलकरांच्या मताच्या दुसऱ्या अर्ध्या भागाशी भांडायचंय. शहर पोलीस विकलेले आणि केंद्राचे लोक स्वच्छ, असं नाहीये हो. आमच्या बोस्टनला येऊन बघा.

व्हायटी बल्जर. साउथ बोस्टनचा गुंड, भाऊ राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष. १९७५ पासून हा एफबीआयचा खबऱ्या. त्याला सांभाळणारा एजंट जॉन कॉनली त्याच गल्लीत वाढलेला. ठरलं काय होतं, तर बल्जरने इटालियन माफियाची माहिती द्यायची. आणि घडलं काय, तर त्याच्याविरुद्ध कुणी बोललं की ते नाव कॉनलीकडून बल्जरला कळायचं आणि तो माणूस मरायचा. राज्य पोलिसांनी एका गॅरेजमध्ये मायक्रोफोन लावले होते, तेही फुटलं. म्हणजे इथे राज्य पोलीस प्रामाणिकपणे मागे लागले होते आणि पाणी मुरत होतं ते केंद्राच्याच ऑफिसात! डिसेंबर १९९४ मध्ये अटकेची कुणकुण त्याला आधीच लागली, पळाला, १६ वर्षं सापडला नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला समुद्राजवळच्या फ्लॅटमध्ये सापडला, भिंतीत ८ लाख डॉलर्सच्या वर रोकड. २०१३ मध्ये ११ खुनांत त्याचा हात सिद्ध झाला, २०१८ मध्ये तुरुंगातच त्याला मारलं.

मी १९९८ साली इथे आले तेव्हा कोर्टात नेमकी याचीच सुनावणी चालू होती. आमच्या शेजारच्या आयरिश आजी रोज पेपर घेऊन माझ्याकडे यायच्या. त्या साउथीत, म्हणजे साउथ बोस्टनमध्येच वाढलेल्या. म्हणायच्या, "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं गं, पण सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं तोच त्याच्याकडे जेवायला जायचा." हे वाक्य मी २५ वर्षांत विसरले नाहीये.

मुक्ताई_नगर

आत्या, अंगावर काटा आला.

बोस्टनची_आत्या

अजून एक राहिलं. त्याच्याही आधीचं. १९६५ मध्ये बोस्टनजवळ चेल्सीला एक खून झाला, त्यात चार निरपराध माणसांना अडकवलं. ज्या गुंडाच्या साक्षीवर शिक्षा झाली तो खोटं बोलतोय याची माहिती एफबीआयकडे होती, पण तो त्यांचा साक्षीदार, त्याला जपायचं होतं. चौघांतले दोघे तुरुंगातच वारले. उरलेले दोघे ३० वर्षांच्या आसपास आत काढून सुटले. एकाची बायको इतकी वर्षं दर आठवड्याला तुरुंगात भेटायला जात राहिली, चार मुलं एकटीने वाढवली. २००७ मध्ये न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी सरकारला १० कोटी डॉलर्सच्या वर भरपाई द्यायला लावली. पैशाने काय होतं पण.

अॅड_चिंचवड

मी वकील आहे, पुण्यात प्रॅक्टिस. रिकोचा उल्लेख आलाय म्हणून लिहितो, कारण आपल्याकडचा १९९९ चा मोक्का बऱ्याच अंशी त्याच विचारावर उभा आहे.

रिकोच्या आधी अडचण अशी होती की खटला एका गुन्ह्याचा चालायचा. खून कुणी केला? पोऱ्याने. मग पोऱ्या आत. सांगितलं कुणी ते सिद्ध होत नाही, कारण मोठा माणूस स्वतः कशालाच हात लावत नाही. रॉबर्ट ब्लेकी नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी कल्पना मांडली की टोळी हाच एक 'उद्योग' धरा, दहा वर्षांत त्यातले ठरावीक प्रकारचे किमान दोन गुन्हे दाखवा, आणि जो कुणी तो उद्योग चालवतो तो जबाबदार. वर मालमत्ता जप्त. मोक्कातही बघा, गेल्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं ही अट आहेच. फक्त आपण एक पाऊल पुढे गेलो, एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून धरला. अमेरिकेतली भिस्त जास्त करून टेपवर आणि फुटलेल्या साथीदारावर राहिली. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कबुलीजबाब कसे मिळतात हे मी कोर्टात रोज बघतो.

आणि गंमत अशी की कायदा १९७० चा, पण पहिली दहा वर्षं माफियाविरुद्ध तो जवळजवळ पडूनच होता. सरकारी वकिलांना तो वापरायची सवयच नव्हती. ब्लेकी उन्हाळ्यात कॉर्नेल विद्यापीठात वर्ग घेऊन तपास अधिकाऱ्यांना तो शिकवायचे. १९८५-८६ मध्ये न्यूयॉर्कला माफियाच्या पाच घराण्यांच्या 'कमिशन'वरच, म्हणजे म्होरक्यांच्या मंडळावरच, खटला भरला, तेव्हा कुठे ताकद दिसली. मोठ्या मोठ्या म्होरक्यांना १०० वर्षांच्या शिक्षा झाल्या.

खडकवासला

अॅडव्होकेट साहेब, त्या कमिशन खटल्यात सिमेंटचा भाग होता तो पण सांगा ना.

अॅड_चिंचवड

हो, तोच गाभा होता. मॅनहॅटनमध्ये २० लाख डॉलर्सच्या वरचं काँक्रीटचं कंत्राट कुणाला जाणार हे टोळ्या ठरवत आणि त्यावर टक्केवारी घेत. युनियन त्यांच्या हातात, त्यामुळे ऐकलं नाही तर काम बंद. म्हणजे उंच इमारत बांधली की तिच्या प्रत्येक मजल्यात त्यांचा वाटा ओतलेला.

क्वीन्सचा_दुकानदार

सिमेंटचं माहीत नाही पण कचऱ्याचं मला विचारा.

मी १९९१ ला क्वीन्समध्ये छोटं किराणा दुकान टाकलं, मेहुण्याबरोबर. पहिल्याच आठवड्यात एक माणूस आला, तुमचा कचरा आम्ही उचलणार म्हणाला. भाव विचारला तर डोळे पांढरे झाले. म्हटलं दुसऱ्याला विचारून बघतो. तो शांतपणे म्हणाला, विचारा. मी चार ठिकाणी फोन केले हो, पत्ता सांगितला की समोरचा म्हणायचा तो स्टॉप आमचा नाही. कुणी धमकी दिली नाही, शिवी दिली नाही, काही नाही. फक्त न्यूयॉर्कएवढ्या शहरात माझ्या दुकानाचा कचरा उचलणारा दुसरा माणूसच नव्हता. नंतर कळलं की गिऱ्हाईक ही त्यांची मालमत्ता असायची, दुकान विकलं तरी तो पत्ता त्याच कचरेवाल्याचा, आणि कुणी दुसऱ्याचा स्टॉप घेतला तर कचरावाल्यांची असोसिएशन भरपाई वसूल करायची, असोसिएशनच्या मागे माफियाची घराणी.

मी पोलीस चौकीत गेलो होतो एकदा. तिथला माणूस भला होता, ऐकून घेतलं, आणि म्हणाला यात गुन्हा कुठला लिहू सांग. त्याचंही खरंच होतं.

१९९५ मध्ये ते सगळं उघडं पडलं. आणि इथे मात्र मी नेपरविलकरांना सांगेन की ते शहराच्याच पोलिसांनी केलं. न्यूयॉर्क पोलिसांचा एक डिटेक्टिव्ह ब्रुकलिनच्या कचरा कंपनीत नोकर म्हणून काही वर्षं वेष बदलून राहिला, असोसिएशनच्या बैठकांना बसला, सगळं टेप केलं. मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी खटला भरला. मग १९९६ मध्ये शहराने कचरावाल्यांना परवाना देणारं वेगळं खातंच काढलं, मालकाची पार्श्वभूमी तपासल्याशिवाय परवाना नाही. माझं बिल कमी झालं ते डोळ्यांनी दिसण्याइतकं. त्या पैशातून थोरलीच्या पहिल्या सेमिस्टरची पुस्तकं आली.

नेपरविलकर

दादा, हा प्रतिसाद वाचून माझं मत बदलायला लागलंय. मनापासून आभार.

टपालपेटी

"यात गुन्हा कुठला लिहू सांग" इथेच सगळं आलं.

दहिवर

थोडं वेगळं लिहितो. माझ्या ऑफिसात एक इटालियन-अमेरिकन सहकारी आहे, आडनाव ऐकलं की नवीन लोक लगेच माफियाचे विनोद सुरू करतात. तो हसून सोडतो, पण एकदा जेवताना त्याने सांगितलं की त्याची खापरपणजी न्यू ऑर्लिन्सला होती. १८९० मध्ये तिथल्या पोलीस प्रमुखाचा खून झाला, इटालियन लोकांची सरसकट धरपकड झाली, ज्युरीने काहींना निर्दोष सोडलं, काहींवर एकमत झालं नाही. दुसऱ्या दिवशी, १४ मार्च १८९१ ला, जमाव तुरुंगात घुसला आणि ११ इटालियनांना ठार मारलं. कुणावर खटला नाही. माफिया हा शब्द अमेरिकेत घरोघर पोचला तो त्या प्रकरणाने. बंदरावर केळी उतरवणाऱ्या गरीब माणसांच्या कपाळावर तो शब्द चिकटला. म्हणून मला वाटतं आपण बोलताना सिसिलीचे लोक असेच असतात वगैरे नको. सगळ्यात जास्त खंडणी याच टोळ्यांनी कुणाकडून उकळली, तर आपल्याच गल्लीतल्या इटालियन बेकरीवाल्याकडून.

मुक्ताई_नगर

दहिवर +१. आणि दारूबंदी नसती तर त्या टोळ्या इतक्या फुगल्याच नसत्या. १९२० ते १९३३, तेरा वर्षं. मुंबई राज्यातही १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि हातभट्टीवाले कसे गब्बर झाले ते आमच्या आजोबांनी धारावीत डोळ्यांनी बघितलंय. लोकांना हवी असलेली वस्तू कायद्याने बंद केली की तिचा बाजार कुणाच्या हातात जातो याचा विचार आधी करायला हवा.

खडकवासला

मुक्ताई, पण दारूबंदी उठल्यावर टोळ्या मेल्या का? नाही. जुगार, युनियन, सावकारी, बांधकाम. एकदा पोलीस आणि पुढारी यांच्याशी बसण्या-उठण्याचे संबंध झाले की वस्तू कुठलीही चालते. मुळात ते संबंध विकत घ्यायला दारूच्या पैशाने भांडवल पुरवलं, असं म्हणा.

मुक्ताई_नगर

हो, हे पटलं.

बाल्टिमोरवासी

मी बाल्टिमोरला एमएस करत होतो, २०१६ ते १८. सगळे जुन्या माफियाबद्दल बोलतायत म्हणून हे लिहितो. १ मार्च २०१७ ला आमच्या शहरातल्या पोलिसांच्या एका खास पथकातल्या सात जणांना केंद्राने अटक केली. बेकायदा बंदुका पकडणारं पथक, बक्षिसं मिळालेलं. हे लोक माणसं अडवून रोकड लुटत होते, जप्त केलेले ड्रग्ज परत विकत होते, न केलेल्या कामाचा ओव्हरटाइम घेत होते. आणि त्यांच्यावर कलम कुठलं लावलं माहितीये? वर वकीलसाहेबांनी सांगितलं तेच, रिको. टोळ्यांसाठी केलेला कायदा पोलिसांच्या पथकाला लागला. पथकाच्या सार्जंटला २५ वर्षं झाली.

माझा रूममेट तिथलाच, वेस्ट बाल्टिमोरचा. त्याला आश्चर्य वाटलंच नाही. त्याच्या काकाला असंच अडवून पैसे काढून घेतले होते आणि तक्रार करायला गेला तर त्यालाच खोटारडा ठरवलं होतं. अटकेच्या दिवशी त्याने काकाला फोन लावला, दोघंही रडत होते. शहरात गुन्हा घडला की पोलिसांना कुणी काही सांगत नाही अशी तक्रार सगळे करतात. मी त्या फोननंतर ती तक्रार कधी केली नाही.

साउथसाइडची_मीनल

बाल्टिमोरवासी, शिकागोत हेच झालंय. मी इथे साउथ साईडला शाळेत समुपदेशक आहे. आयडा बी. वेल्स नावाची सरकारी चाळवजा वसाहत होती, तिथे एक पोलीस सार्जंट ड्रग्ज विकणाऱ्यांकडून हप्ता घ्यायचा आणि जो देणार नाही किंवा आड येईल त्याच्या खिशात माल टाकून आत पाठवायचा. त्याच्याच खात्यातल्या दोन सहकाऱ्यांनी जीव धोक्यात घालून एफबीआयला मदत केली. २०१३ मध्ये त्याला शिक्षा झाली २२ महिने. आणि त्याच्या पथकाने अडकवलेल्या लोकांच्या २०० च्या वर शिक्षा नंतर रद्द झाल्या. काहींची मुलं माझ्या शाळेत होती.

आणि आजच्या टोळ्यांना १९८६ चं, म्हणजे रिकोचं, औषध लागू पडत नाही. गँगस्टर डिसायपल्सचा म्होरक्या लॅरी हूव्हर याला १९९७ मध्ये केंद्राने दोषी ठरवलं, इतर मोठेही आत गेले, आणि त्याच सुमाराला रॉबर्ट टेलर होम्स या सरकारी वसाहतीच्या सोळा-सोळा मजली इमारती एकेक करून पाडल्या, २००७ पर्यंत सगळ्या गेल्या. तिथली कुटुंबं शहरभर पांगली. वरचं डोकं गेलं, आता दोन-तीन गल्ल्यांचे छोटे छोटे गट आहेत, त्यांना ना म्होरक्या ना धंद्याची शिस्त, भांडण सुरू होतं फोनवरच्या एका व्हिडिओवरून. इथे उद्योग म्हणून दाखवणार काय? २०२१ मध्ये शहरात ८०० च्या घरात खून झाले. २०२४ मध्ये ते ६०० च्या खाली आले, याचं श्रेय मी तरी निदान थोडंसं त्या जुन्या टोळीतून बाहेर पडलेल्या माणसांना देईन जे रात्री रस्त्यावर उभे राहून मुलांना समजावतात. त्यातले दोघे आमच्या शाळेत येतात. एकाच्या हातावर अजून टोळीचं गोंदण आहे, मुलं त्याचं ऐकतात.

सदाफुली

मीनल, तुम्ही खूप मोठं काम करताय. यावर वेगळा धागा काढाल का?

साउथसाइडची_मीनल

जूनमध्ये शाळा संपली की नक्की.

वहीखाते

मीनलताईंचं वाचून शिकागोचंच अजून एक सांगतो. विल्यम हॅनहार्ट, शिकागो पोलिसांचा डिटेक्टिव्ह विभागाचा प्रमुख राहिलेला माणूस, त्याच्या हुशारीच्या कथा सांगितल्या जायच्या. निवृत्तीनंतर उघड झालं की हाच देशभर दागिन्यांच्या विक्रेत्यांना लुटणारी टोळी चालवत होता, माहिती काढायला पोलिसांचे कॉम्प्युटर वापरून. २००१ मध्ये गुन्हा कबूल केला. आणि शिकागोच्या माफियावरच्या २००७ च्या 'फॅमिली सीक्रेट्स' खटल्यात तर १८ जुने खून उलगडले, तेव्हा आरोपींच्या रांगेत एक माजी पोलीस होता, ज्याने रक्ताळलेल्या हातमोज्याबद्दल तुरुंगात आतल्या गुंडाला खबर दिली होती. त्या खटल्यात बापाविरुद्ध मुलाने तुरुंगात टेप करून पुरावा दिला, सख्ख्या भावाने साक्ष दिली. कायद्याने दार उघडलं, पण आतून कडी काढली घरच्यांनी.

रानवारा

वहीखाते, तुमची शेवटची ओळ मला पटत नाही. गुंडाचा मुलगा, गुंडाचा भाऊ, फुटलेला साथीदार, यांना सौदा मिळतो, शिक्षा कमी होते, सरकार नवीन नाव देऊन दुसऱ्या गावी पाठवतं. ज्याने काहीही केलेलं नाही आणि तरी साक्ष दिली त्याचं काय? मला वाटतं मामांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. लिहितो, लांब होईल.

सप्टेंबर १९७२. शिकागोच्या वेस्ट साईडला रात्री एक साधा माणूस कुत्र्याला फिरवायला बाहेर पडला. समोरचा शेजारी, मालवाहतूक युनियनचा कार्यकर्ता, कामाला निघाला होता. एक गाडी आली, शॉटगनचे बार झाले, शेजारी पडला. मारेकरी खाली उतरला आणि या माणसाने त्याचा चेहरा जवळून बघितला. त्याने पोलिसांना सगळं सांगितलं, फोटोतून माणूसही ओळखून दिला. हॅरी अॅलमन, शिकागोच्या टोळीचा नावाजलेला मारेकरी. आणि पुढे काहीच झालं नाही. त्याची ओळख पटवणारे कागद पोलिसांच्याच खात्यात दबले.

चार वर्षांनी नव्या तपासात कागद पुन्हा निघाले आणि त्याला विचारलं, साक्ष देशील का? बायको, लहान मुलं. तो हो म्हणाला. १९७७ मध्ये कोर्टात उभा राहून त्याने बोट दाखवलं. आणि अॅलमन निर्दोष सुटला, कारण ज्युरीऐवजी एकट्या न्यायाधीशासमोर खटला घेतला होता आणि त्या न्यायाधीशाला १० हजार डॉलर्स पोचलेले होते. विचार करा, या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल. त्याला गाव सोडावं लागलं, आयुष्य पार विस्कटलं.

पुढे ते पैसे पोचवणारा वकील स्वतःहून सरकारकडे आला आणि सगळं बोलला. मग प्रश्न आला की एकदा निर्दोष सुटलेल्यावर पुन्हा खटला कसा? अमेरिकेच्या घटनेत तर ते बसत नाही. कोर्टाने सांगितलं की पहिल्या वेळी न्यायाधीशच विकत घेतलेला होता, म्हणजे आरोपी कधी धोक्यात नव्हताच, तो खटला खटलाच नव्हता. अमेरिकेत असं पहिल्यांदाच घडलं. आणि १९९७ मध्ये, खुनाला २५ वर्षं झाल्यावर, तोच कुत्रा फिरवणारा माणूस पुन्हा कोर्टात आला आणि पुन्हा त्याच माणसाकडे बोट दाखवलं.

टपालपेटी

आणि?

रानवारा

दोषी. १०० ते ३०० वर्षं. २०१० मध्ये तुरुंगातच मेला.

अॅड_चिंचवड

हा खटला मी विद्यार्थ्यांना शिकवतो, पण कायम न्यायाधीशाच्या बाजूने. साक्षीदाराच्या बाजूने आज पहिल्यांदा वाचला. रानवारा, आभारी आहे.

क्वीन्सचा_दुकानदार

एक माणूस दोनदा उभा राहिला. मी एकदा चौकीत जाऊन परत आलो होतो, तेव्हाही पाय कापत होते.

बोस्टनची_आत्या

शेजारच्या आजी गेल्या २०१४ मध्ये. त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

नेपरविलकर

काल रात्री मामांना फोन केला. रानवारांचा प्रतिसाद पूर्ण वाचून दाखवला, मामीही स्पीकरवर होत्या. मामांनी दोनच गोष्टी विचारल्या. त्या माणसाचं पुढे बरं झालं का, आणि तो खून झाला ती गल्ली आपण गेलो होतो तिथून किती लांब होती. पुढच्या वेळी येतील तेव्हा कपोनचं घर नको, तिथे ने म्हणाले.